दोष कोणाचा आणि दोष कोठें?

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरची आगगाडी बंद पडली. ही आगगाडी म्हणजे माडीवरच्या खोलींत, आठ फूट लांब व चार फूट रुंद अशा लांकडी फळीवर मांडलेली विजेवर चालणारी प्रतिकृति होय. खऱ्या गाडीच्या ८७ व्या हिश्शाएवढें तिचें माप असून दोन रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर आहे. हा छंद मूळचा युरोपांतला. जर्मनींतील मेर्क्लिन या कारखान्यानें १८९१ सालीं लाइपझिगच्या जत्रेंत ठराविक मापांचे रूळ असलेली खेळण्यांतील रेल्वे मांडली, व पुढें तो सर्वत्र पसरला. पुण्यांत भाऊसाहेब जोशी यांनीं उभारलेलें लघुरेल्वेचें संग्रहालय १९९८ सालीं लोकांना खुलें झालें. तें पाहून आल्यावरच आमच्या घरांत हें वेड शिरलें.

त्या संध्याकाळीं पाहुणे आले होते. त्यांच्या मुलांना गाडी दाखवावी म्हणून मीं कळ फिरविली. पण घाटावरच्या स्थानकांत उभी असलेली गाडी जागची हलेना. माझा थोरला पुतण्या माधव यानें इंजिन उचलून बाजूला ठेविलें, मल्टिमीटरच्या दोन्ही सुया रुळांना लावल्या आणि निकाल दिला, "काका, येथें पुरे १२ व्होल्ट आहेत. तारा ठीक आहेत. इंजिनच बिघडलें." आदल्या दिवशीं आमची धाकटी पुतणी वेणू या खोलींत एकटी आली होती व तिनें इंजिनाला हात लाविला होता, हें सर्वांना ठाऊक होतें. "काका, मीं तें नुसतें उचलून पाहिलें आणि पुन्हां रुळावर ठेविलें," असें ती नऊ वर्षांची पोर कळवळून सांगत राहिली. पण पाहुण्यांदेखत झालेल्या फजितीनें मी चिडलों होतों. मीं तिला खोलींत पाऊल टाकण्याची बंदी केली. वेणू त्या रात्रीं न जेवतां झोपी गेली.

आमचे वडील, अण्णा, यांना विजेंतलें फारसें कळत नाहीं. ते एवढेंच म्हणाले, "दोष कोणाचा हें तुम्ही ठरविलेंत. दोष कोठें आहे हें पाहिलेंत काय? तें इंजिन दुसऱ्या रुळावर चालवून पाहिलें होतें?"

नव्हतें. मी निमूटपणें माडीवर गेलों आणि इंजिन मुख्य वाटोळ्या मार्गावर ठेविलें. तें सुरळीत धांवूं लागलें!

येथें या गाडीची रचना थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. वीज एका रुळांतून येते, त्या बाजूच्या चाकांतून इंजिनाच्या मोटारींत शिरते व दुसऱ्या बाजूच्या चाकांतून दुसऱ्या रुळानें परत जाते. रूळ एकमेकांना जोडले जातात ते लहानशा धातूच्या जोडपट्ट्यांनीं. या पट्ट्या रूळ सरळ रेषेंत ठेवण्याचें काम चोख करतात. पण वीज वाहून नेण्याचें काम त्यांच्यावर कायमचें सोंपवूं नये. पावसाळ्यांतील दमट हवेनें त्यांच्या आंत मळ धरतो, खालची फळी फुगते व आकसते, आणि जोड ढिला होतो.

मग मीटरनें १२ व्होल्ट कसे दाखविले? हीच या प्रकरणांतली मेख आहे. मीटर स्वतः प्रवाह घेतो तो नाममात्र. एवढासा प्रवाह किडलेल्या जोडांतूनहि सहज जातो, म्हणून दाब पुरा दिसतो. इंजिनाला मात्र पाव ते अर्धा अँपिअर लागतो. जोडाच्या ठिकाणीं १० ओहमचा अडथळा असेल, तर ०.४ अँपिअर प्रवाह वाहतांना ४ व्होल्ट तेथेंच खर्ची पडतात. ओझें डोक्यावर घेतल्यावांचून हमालाची ताकद कळत नाहीं, तसाच हा प्रकार.

म्हणून मीं मोटारीच्या मागच्या दिव्याचा १२ व्होल्ट व ५ वॅटचा बल्ब घेतला व त्याला दोन तारा जोडल्या. तो जवळजवळ इंजिनाएवढाच प्रवाह घेतो. इंजिन उतरवून व कळ पुरती फिरवून मीं तो फाट्याच्या आरंभीं रुळांना लाविला, तेव्हां लख्ख उजेड पडला. घाटावरच्या स्थानकांत लाविला, तों त्याची तार नुसती लालसर झाली. दोहोंमध्यें रुळांचे आठ जोड होते. एकेक तपासीत बसण्याऐवजीं चौथ्या जोडापलीकडे दिवा लाविला. तेथें तो लख्ख लागला, म्हणजे पहिले चार निर्दोष. सहाव्यापलीकडे तो मंद झाला. पांचव्यापलीकडे पुन्हां लख्ख. तीन चांचण्यांत सहावा जोड सांपडला. तो बोगद्याच्या तोंडाशीं होता. पट्टी काढून पाहिली, तों आंतून काळी पडलेली.

आणि तेव्हां मला आठवलें कीं, भाद्रपदापासून गाडी त्या ठिकाणीं मंदावत होती. दरवेळीं मी कळ किंचित अधिक फिरवून तिला पुढें ढकलीत होतों. घाईघाईनें फाटा मांडतांना त्याला फक्त आरंभींच तार दिली होती, तीहि मींच.

दुसऱ्या दिवशीं दुरुस्ती केली. फळीच्या खालून लाल व काळ्या अशा दोन जाड तारा फाट्याच्या शेवटापर्यंत नेल्या आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला बारीक तारेनें त्यांच्याशीं जोडलें. लाल तार नेहमीं एकाच बाजूच्या रुळाला द्यावी, म्हणजे घोटाळा होत नाहीं. कथलाचा डाख देतांना रूळ आधीं घांसून घ्यावा व काम झटपट उरकावें, नाहींतर खालचे प्लॅस्टिकचे स्लीपर वितळतात. रूळ पुसण्यास आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्यें भिजविलेलें फडकें चांगलें. तें काम वीज बंद करून व खिडक्या उघडून करावें. खरकागद वापरूं नये. त्याचे ओरखडे पुढें अधिक मळ धरतात.

याच्या उलट जातीचा दोष म्हणजे शॉर्ट सर्किट. त्यांत प्रवाह अडत नाहीं, भलत्याच वाटेनें परततो, आणि रक्षक कळ सर्व मार्ग एकदम बंद पाडते. रुळांवर पडलेला खिळा किंवा सांध्यावर घसरलेलें चाक हीं नेहमींचीं कारणें. गाडी वळसा घेऊन उलट तोंडानें त्याच मार्गावर परत येईल असा फास मांडला असेल, तर उजवा रूळ डाव्याला जाऊन मिळतो. फासाच्या दोन्ही टोकांशीं, दोन्ही रुळांत प्लॅस्टिकच्या जोडपट्ट्या घालून तो भाग वेगळा करावा व त्याला दिशा बदलणारी स्वतंत्र कळ द्यावी. येथेंहि शोधाची रीत तीच: अर्धा भाग सोडवावा, आणि दोष कोणत्या अर्धांत राहिला तें पाहावें.

एक सूचना मात्र कडक आहे. रुळांवरच्या १२ व्होल्टांशीं मुलांनीं खुशाल खेळावें. पण २३० व्होल्टांची घरची वीज ज्या पेटींत शिरते ती पेटी त्यांनीं कधींहि उघडूं नये, आणि मोठ्यांनींहि उघडूं नये. ती बिघडली तर बदलावी.

असो. सकाळीं मी वेणूला माडीवर बोलाविलें. ती उंबऱ्याशींच थांबली. बंदी अजून उठली नव्हती ना! माधवाच्या समक्ष मीं तिला काळी पडलेली पट्टी दाखविली आणि सांगितलें, "ही माझी चूक, वेणू. तुझी नव्हती." ती पट्टी तिनें बराच वेळ हातांत उलटसुलट करून पाहिली. मग विचारलें, "काका, सहाव्याच जोडांत आहे हें तुम्हांला कसें कळलें?" मीं तिच्या हातीं दिवा दिला. तो आतां तिच्याजवळच असतो.