वीतभर आयरिस, बर्फाला भारी

फेब्रुवारीतलं इंग्लंड. झाडं उघडीबोडकी, माती गारठलेली. तरी कुठल्याशा बागेत निळीजांभळी फुलं बर्फातून डोकं वर काढतात. ही कंदाची बुटकी आयरिस. उंची जेमतेम १० ते १५ सेंटिमीटर, पण करामती केवढ्या!

जाळीचा झगा : सगळ्यांत लाडक्या जातीचं नाव आयरिस रेटिक्युलाटा, म्हणजे ‘जाळीदार’. सांबाराच्या कांद्याएवढ्या या कंदावर धाग्यांची जाळी विणलेली असते.

डोंगरातलं माहेर : तुर्कस्तान, कॉकेशस, इराण. तिथे हिवाळ्यात बर्फ, उन्हाळ्यात कोरडी माती. म्हणून फुलून झाल्यावर कंदाला कोरडी झोप लागते. पाणी साचलं की तो कुजतो.

दांडा नव्हे, नळी! : फुलाखाली दिसतो तो देठ नसून फुलाचीच लांब नळी आहे. बीजकोश खाली मातीशी दडलेला असतो. केशराच्या फुलाचीही हीच तऱ्हा, आणि दोघांचं कूळही एकच. आपल्या फुलबाजारातला ग्लॅडिओलससुद्धा याच गोतावळ्यातला.

तीन पाकळ्या गायब : आयरिसच्या तीन पाकळ्या झुकलेल्या, तीन उभ्या. पिवळ्याधमक आयरिस डॅनफोर्डिए या जातीमध्ये मात्र उभ्या पाकळ्या आक्रसून केसाएवढ्या उरतात. फुलून झाल्यावर तिचा कंद फुटून बारीक पिल्लं होतात आणि पुढच्या वर्षी फूल रुसतं. जाणते माळी म्हणून तिला जरा खोल पुरतात.

बागप्रेमीच्या घरातलं नाव : फिकट निळ्यावर पिवळी झाक आणि गर्द निळ्या रेघा, ही ‘कॅथरिन हॉजकिन’. ब्रिटिश बागकर्मी ई. बी. अँडरसन यांनी ती संकरातून घडवली. नाव मिळालं बागप्रेमी एलियट हॉजकिन यांच्या पत्नीचं.

पानं मागाहून : फुलताना आखूड असलेली चौधारी पानं नंतर फूटभर वाढतात. कापू नका! पुढच्या वर्षीच्या फुलाची शिदोरी तीच कंदात भरतात. पिवळी पडून वाळेपर्यंत धीर धरा.

लावायची कशी? : भरपूर ऊन, पाण्याचा निचरा होणारी माती, ८ ते १० सेंटिमीटर खोली. कुंडीतही छान रमते. थंडी मात्र हवीच, त्यामुळे आपल्याकडच्या उबदार हवेत तिचं जमत नाही. पण लंडनला राहणाऱ्या मराठी माणसाला हिशेब सोपा: दसरा-दिवाळीच्या सुमारास कंद मातीत घालायचे, आणि संक्रांत सरली की रोज सकाळी खिडकीतून डोकावायचं. होळीच्या आधीच अंगणात रंग उधळलेले असतील.