सांडपाण्यातलं औषध
बॅक्टेरियोफाज, थोडक्यात फाज, म्हणजे जिवाणूंना मारणारे विषाणू. माणसाच्या पेशींकडे ते ढुंकूनही पाहत नाहीत. फाज जिवाणूला चिकटतो, आपला डीएनए आत सोडतो. मग जिवाणूच्याच खर्चाने नवे फाज तयार होतात आणि त्याला फोडून बाहेर पडतात.

सॅन दिएगोचे प्राध्यापक टॉम पॅटरसन २०१५ मध्ये इजिप्तच्या सहलीत आजारी पडले. ॲसिनेटोबॅक्टर बाउमानी हा जिवाणू पोटात ठाण मांडून बसला होता, अँटिबायोटिकांना जुमानेना. पॅटरसन कोमात गेले. पत्नी स्टेफनी स्ट्रॅथडी स्वतः साथरोगतज्ज्ञ. त्यांनी शास्त्रज्ञांना गाठून फाज मिळवले, आणि असे फाज शोधायची हक्काची जागा कोणती, तर सांडपाणी! मार्च २०१६ मध्ये ते आधी पोटातल्या नळ्यांतून, मग शिरेतून दिले. काही दिवसांत पॅटरसन शुद्धीवर आले.

पण जिवाणूही वस्ताद. ते या फाजनाही दाद देईनात, तेव्हा नवा फाज शोधावा लागला. खरी मेख इथेच आहे. एक फाज जिवाणूच्या मोजक्याच वाणांना मारतो. त्यामुळे बहुतेकदा रुग्णागणिक जुळवाजुळव करावी लागते. औषध कंपन्यांना असा धंदा कसा परवडावा? जॉर्जियात, तिबिलिसीच्या एलियावा संस्थेत मात्र असे उपचार अनेक दशकं चालू आहेत.