जुना टेम्पो घेताय? आधी ब्रेकचे पाईप बघा

डिलिव्हरीसाठी जुना टेम्पो घेताना आपण इंजिनचा आवाज ऐकतो, टायर बघतो. ब्रेकचे पाईप मात्र राहून जातात. माल भरलेली गाडी उतारावर थांबते, ती याच पाईपमधल्या ब्रेक ऑइलच्या दाबावर.

ब्रेक जोरात दाबून धरा. पेडल हळूहळू खाली जात राहिलं, तर पाईपमधून किंवा मास्टर सिलेंडरमधून दाब सुटतोय. मग गाडीखाली बघा. लोखंडी पाईप क्लिपजवळ जास्त गंजतो, कारण तिथे चिखल साचतो. चाकाजवळच्या रबरी होजला चिरा, फुगवटा किंवा ओल दिसली, तर तो बाद समजा.

गंजलेल्या पाईपला जोड मारून भागवू नका, पूर्ण पाईप बदला. होज बदलताना डावा-उजवा दोन्ही घ्या. टाकीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४, जे लिहिलंय तेच नवीन ऑइल भरा. शेवटी एअर काढून रिकाम्या गाडीची ट्रायल घ्या, मगच माल भरा.

आणि हे काम निघालं, तर सौदा ठरण्याआधीच मेकॅनिककडून खर्च लिहून घ्या. तेवढे पैसे किमतीतून कमी करायला बिनधास्त सांगा.