शाळामास्तरांच्या परसातली नाशपाती

इंग्लंडमधल्या बर्कशायर परगण्यात आल्डरमॅस्टन नावाचं गाव आहे. १७७० च्या सुमारास तिथल्या जॉन स्टेअर या शाळामास्तरांकडे नाशपातीचं एक वेगळं झाड वाढलं. लंडनजवळच्या टर्नहॅम ग्रीनचे रिचर्ड विल्यम्स यांनी आपल्या रोपवाटिकेतून त्याची कलमं विकली आणि वाणाला त्यांचंच नाव पडलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस काही झाडं अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या रॉक्सबरीला पोचली. १८१७ मध्ये ही झाडं असलेली बाग इनॉक बार्टलेट यांच्याकडे आली. झाडांचं मूळ नाव त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी ती स्वतःच्या नावानं दिली. १८२८ मध्ये युरोपातून नवी झाडं आली, तेव्हा उलगडलं की बार्टलेट म्हणजेच विल्यम्स. तोवर नवं नाव रुळलं होतं. आज हिमाचलातले बागायतदारही हा वाण बार्टलेट म्हणूनच ओळखतात.

एवढ्या प्रवासात फळ बदललं नाही, कारण हापूसप्रमाणेच हा वाणही बी लावून मिळत नाही. प्रत्येक झाड त्या पहिल्या झाडाचीच फांदी आहे.

घरच्या बागेत झाड आटोपशीर राहावं म्हणून कलमाला क्विन्स या फळझाडाचा खुंट वापरतात. पण विल्यम्सचं क्विन्सशी थेट जुळत नाही; सांधा पुढे कच्चा निघतो. म्हणून जुन्या माळ्यांनी मध्ये ‘बरे हार्डी’ या दुसऱ्या नाशपातीचा तुकडा बांधायला सुरुवात केली. एका झाडात तीन झाडं, आणि सगळा भार दोन सांध्यांवर! शेजारी त्याच वेळी फुलणारा दुसरा वाण असला की फळधारणा चांगली होते.

काढणीलाही जाण लागते. फळ झाडावर पिकू दिलं तर गाभ्यापासून मऊ पडून तपकिरी होतं. इंग्लंडमध्ये ऑगस्टअखेर हिरवं, टणक फळ तळहातावर घेऊन आडवं उचलायचं. देठ अलगद सुटला तर ते तयार. मग घरात पिवळं होऊ द्यायचं. तो रसाळ, सुगंधी गर चाखला की इतक्या पिढ्यांनी हे झाड का जपलं ते कळतं.

फायर ब्लाइट या जिवाणूजन्य रोगाला विल्यम्स सहज बळी पडतो. शेंडे करपतात आणि कधी अख्खं झाड जातं. तरीही वाण टिकला, कारण कुणीतरी वेळेवर कलम केलेलं होतं. तुमच्या परसात आजोबांनी लावलेलं एखादं जुनं फळझाड असेल, तर ते पडायची वाट पाहू नका. येत्या हंगामात त्याचं कलम करा आणि एक शेजाऱ्यालाही द्या.