ओलं धान्य वर ठेवावं

रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात आमची जुनी पेट्रोल गाडी विकायला काढली. पावणेदोन लाख किलोमीटर धावलेली. मुरूडचे एक गृहस्थ रविवारी पाहायला येणार होते. शुक्रवारी काशीदच्या चढावर इंजिनातून टकटक सुरू झाली. खालचा गिअर टाकला तरी थांबेना.

एका परिचितांनी सल्ला दिला, "जाड ऑइल टाका सर. आठ-दहा दिवस आवाज दबतो, तेवढ्यात सौदा उरकतो." खरं सांगायचं तर मोह झाला. ईदचा खर्च तोंडावर होता.

शनिवारी गाडी रेवदंड्याच्या मिस्त्रींकडे नेली. ते म्हणाले, "सर, प्रत्येक टकटक एकाच दुखण्याची नसते."

चढावर, वरच्या गिअरमध्ये डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला, तर दोष बहुधा जळणाचा. पिस्टनच्या डोक्यावर साचलेला कार्बन, पुढे गेलेलं टायमिंग, तापलेलं इंजिन किंवा कमी ऑक्टेनचं पेट्रोल यांमुळे ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं. खालचा गिअर टाकला की हा आवाज कमी होतो. सकाळी थंड इंजिनात टिकटिक येते आणि गरम झाल्यावर मावळते, ती बहुतेकदा टॅपेटची किंवा झिजलेल्या पिस्टनची. पण गरम इंजिनात खालून जड ठोके पडतात, वेगाबरोबर वाढतात आणि ऑइलचा दिवा मिणमिणतो, तेव्हा कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवर संशय घ्यायचा.

मिस्त्रींनी आधी ऑइलची पातळी पाहिली. ती ठीक होती. मग लांब पेचकसचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली. एकेका प्लगची वायर काढून पाहिली. तिसरी काढताच ठोका मंदावला. (हे काम जाणकारानेच करावं, शॉक बसतो.) शेवटी ऑइल काढलं. त्यात धातूचे बारीक कण चमकत होते.

"आणि जाड ऑइल टाकलं तर?" मी विचारलं.

"आवाज दबेल, झीज थांबणार नाही. एक दिवस रॉड तुटून ब्लॉक फोडेल. तेव्हा गाडीत कोण असेल, कोण जाणे!"

त्या रात्री तरावीहच्या नमाजनंतर 'सहीह मुस्लिम' या संग्रहातली एक हदीस आठवली. पैगंबर मुहंमद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तर बोटं ओली झाली. पावसाने भिजलं, असं विक्रेता म्हणाला. मग ओलं धान्य लोकांना दिसेल असं वर का नाही ठेवलं, असं त्यांनी विचारलं. फसवणारा आपला नव्हे, असंही बजावलं. पाऊस पडला हा विक्रेत्याचा दोष नव्हता. ओल झाकली, हा होता. गाडीही वयाने झिजते, त्यात कुणाचा गुन्हा नाही. दिवसभर पाण्याचा घोट न घेणाऱ्याने संध्याकाळी दुसऱ्याच्या डोळ्यांत धूळ फेकली, तर त्या उपाशीपोटी राहण्याला रोजा कसं म्हणायचं?

रविवारी इंजिन गरम करून त्या गृहस्थांना आवाज ऐकवला, मिस्त्रींनी सांगितलेला दुरुस्तीचा खर्च सांगितला. किंमत तेवढ्याने उतरली. घरात यंदा खरेदी बेताची झाली. गाडी मात्र त्यांनी घेतली, थेट रेवदंड्यालाच टो करून नेली. जाताना म्हणाले, "ईदला शीरखुर्मा खायला येतो सर. याच गाडीने."