वजन अधिक असेल तर रोड सायकल कशी निवडावी?

वडोदऱ्याहून हालोलमार्गे पावागडच्या पायथ्याशी जाणारी सुमारे ५० किलोमीटरची वाट सायकलस्वारांना मोहात पाडणारी आहे. चांपानेरपर्यंत रस्ता बहुतांशी सपाट. तेथून माचीपर्यंत मात्र वळणावळणाचा चढ. शंभर किलोहून अधिक वजनाच्या स्वारालाही ही वाट साधू शकते. परंतु दुकानात त्याच्या हाती बहुधा इतरांना दिली जाते तीच अरुंद टायरची हलकी सायकल पडते. मग घरापासून ४० किलोमीटरवर मागच्या चाकाची तार तुटते आणि हा छंद आपल्यासाठी नाही, अशी समजूत करून घेऊन तो सायकल अडगळीत टाकतो.

वास्तविक सायकलीवरील सुमारे ६० टक्के भार मागचे चाक वाहते. चाक फिरताना जमिनीलगतच्या तारा प्रत्येक फेऱ्यात क्षणभर सैलावतात व पुन्हा ताणल्या जातात. भार वाढला की हा फरकही वाढतो आणि थकलेली तार हबजवळच्या वाकणात तुटते. त्यामुळे २० किंवा २४ तारांची देखणी चाके टाळून मागे ३२ किंवा ३६ तारांचे चाक घ्यावे. टायर किमान ३२ मिलिमीटर रुंदीचा बसेल, इतकी जागा फ्रेममध्ये असावी. अरुंद टायर खड्ड्याच्या काठावर आपटला की ट्यूब रिमखाली चिमटते आणि तिला एकाच वेळी दोन छिद्रे पडतात.

हलकेपणाचा मोह तर निरर्थकच. स्वार ११० किलोचा आणि सायकल १० किलोची असेल, तर हजारो रुपये मोजून कमी केलेला एक किलो म्हणजे एकूण भाराचा एक टक्काही नव्हे. उत्पादकाची भारमर्यादा मात्र वाचावीच. ती काही ठिकाणी केवळ स्वाराची असते, काही ठिकाणी स्वार, सामान व सायकल यांची मिळून. कार्बनच्या हँडलची व सीटखालच्या दांड्याची मर्यादा वेगळी असू शकते.

गुबगुबीत सीट दुकानात सुखद वाटते, तासाभराने तीच रुतू लागते. बसताना टेकणाऱ्या दोन हाडांमधील अंतर पुठ्ठ्यावर बसून, उमटलेल्या खळग्यांवरून मोजता येते. सीट त्याहून दोन-अडीच सेंटिमीटर रुंद असावी. हँडल फार खाली असेल तर प्रत्येक फेऱ्यात मांडी पोटाला लागते, श्वास कोंडतो. लांब पल्ल्यासाठी घडवलेल्या, उंच हँडलच्या फ्रेममध्ये ही अडचण कमी होते.

चोर्ला घाट चढणाऱ्या गोमंतकीयांना गिअरचे महत्त्व वेगळे सांगायला नको. पुढे ३४ व मागेही ३४ दाते असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात चाकही एकदाच फिरते आणि गुडघ्यांवरील ताण हलका होतो. पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर तारांचा ताण कारागिराकडून पुन्हा समान करून घ्यावा. नव्या चाकाच्या तारा तोवर थोड्या सैल पडलेल्या असतात.