हप्ते दोघांनी भरले, मग फ्लॅट कुणाचा?

कानात इयरफोन घालून लोकलमध्ये उभे असाल तर नीट धरून उभे राहा, कारण आजचा विषय जरा हलवणारा आहे. माझ्या एका मैत्रिणीचं लग्न मोडतंय. पुण्यात दोघांनी टू बीएचके घेतला होता. ती दर महिन्याला पगारातले 20 हजार नवऱ्याच्या खात्यावर टाकायची, तिथून हप्ता जायचा. असं सात वर्षं चाललं. हिशोब करा, 16 लाख 80 हजार होतात. मला म्हणाली, "अरे, घटस्फोट झाला की निम्मं घर माझंच ना?"

मी पण पटकन "हो" म्हणणार होतो. रील्समध्ये तेच तर ऐकतो आपण, बायको अर्धी इस्टेट घेऊन जाते म्हणून. पण महाराष्ट्रात असा कायदाच नाही. लग्न झालं म्हणून एकाची मालमत्ता आपोआप दोघांची होत नाही. ज्याच्या नावावर खरेदीखत, तो मालक. नवऱ्याच्या सासरच्या इस्टेटीबाबतही तेच, त्याचाही त्यात हक्क नाही.

आता यातली मेख सांगतो. माझ्या मैत्रिणीची सही होम लोनच्या कागदांवर आहे. म्हणजे ती सहकर्जदार. पण फ्लॅटच्या करारात तिचं नावच नाही, म्हणजे ती सहमालक नाही. हप्ता थकला तर बँक तिच्याही मागे लागणार, आणि घर मात्र तिचं नाही! तुम्ही म्हणाल, पैसे तर तिनेच दिले ना? बरोबर, आणि त्यावर दावा लावता येतो. नवरा-बायकोमधले मालमत्तेचे वाद फॅमिली कोर्टातच चालतात, 1984च्या कायद्यात तशी सोय आहे. पण सिद्ध तिला करायचंय. बँक स्टेटमेंट हवं, पैसे घरासाठीच होते हे दिसायला हवं. "घरखर्चाला देत होती" एवढं तो म्हणाला की वाद सुरू. म्हणून ट्रान्सफर करताना रिमार्कमध्ये "फ्लॅट हप्ता" लिहा राव, फुकट आहे ते.

मग कोर्ट देतं तरी काय? हिंदू विवाह कायद्याचं कलम 27 बघा. लग्नात किंवा लग्नाच्या सुमारास दोघांना मिळून आलेल्या वस्तूंबद्दल कोर्ट आदेश देऊ शकतं. म्हणजे आहेराचा फ्रीज, सोफा वगैरे. कलम 25 म्हणजे कायमची पोटगी, ती बायको मागू शकते तशी नवराही मागू शकतो. स्पेशल मॅरेज ॲक्टखाली लग्न केलेल्या बायकोसाठी पोटगीचं कलम 37 आहे. पोटगी ठरवताना दोघांची कमाई आणि मालमत्ता बघतात. 2020 पासून सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही मालमत्ता आणि उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, लपवाछपवी अवघड झालीय.

स्त्रीधन मात्र पूर्ण तिचं. माहेरून, सासरून, लग्नाआधी, लग्नात, नंतर, जे तिला म्हणून दिलं ते तिचं. दागिने सासूच्या लॉकरमध्ये असले म्हणून सासूचे होत नाहीत. फोटो आणि पावत्या जपून ठेवा.

आणि एक गोष्ट लोक गल्लत करतात. राहण्याचा हक्क वेगळा, मालकी वेगळी. 2005च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली बायकोला एकत्र राहिलेल्या घरातून कायदेशीर मार्गाशिवाय बाहेर काढता येत नाही. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी ते असं घर ठरू शकतं, हेही सुप्रीम कोर्टाने 2020 मध्येच सांगितलं. पण त्यामुळे सातबारा किंवा इंडेक्स टूवर तिचं नाव चढत नाही.

आता गंमत बघा. बांदा ओलांडून गोव्यात गेलात की चित्र उलटं! तिथे 1867ची पोर्तुगीज नागरी संहिता अजून चालते. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता एकत्र मानतात, आणि घटस्फोटात निम्मी निम्मी. घर विकायचं तरी जोडीदाराची सही लागते. पण पर्यटनाला जाऊन तिथे हॉल घेतला म्हणून हे लागू होत नाही हां. मूळ गोवेकरांसाठी आहे ते. आपल्याकडे 2013 मध्ये बायकोला वाटा देणारं विधेयक राज्यसभेत पास झालं होतं, पुढे कायदा काही झाला नाही.

मैत्रिणीचं सध्या संमतीने घटस्फोटाचं चाललंय. तिच्या वकीलबाई म्हणाल्या, घराचं जे काही ठरेल ते संमतीच्या अटींमध्ये स्पष्ट लिहून घ्या. किती रक्कम, कधीपर्यंत आणि कर्जातून तिचं नाव कधी निघणार. हे शेवटचं लोक विसरतात, आणि मग घटस्फोटानंतरही बँकेचे फोन हिलाच.

तिचं हे सगळं ऐकून मी घरी येऊन आमचा इंडेक्स टू काढला. मालक म्हणून एकट्या माझं नाव. बायको सहकर्जदार. तीन वर्षं निम्मा हप्ता तीच भरतेय, आणि हे आम्हा दोघांच्याही लक्षात नव्हतं. तिचं नाव घालण्यासाठी बक्षीसपत्र करायचं ठरलंय, पण फ्लॅट गहाण आहे, म्हणून आधी बँकेकडे ना-हरकतीसाठी अर्ज टाकलाय. त्याचं काय झालं ते पुढच्या भागात सांगतो. तोवर तुमचा इंडेक्स टू बघून घ्या, नाव कुणाचं आहे ते.